वास्तुशांत झाली, दाखल्याचे काय?

वास्तुशांत झाली की घर पूर्ण झाले, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. उंबरठ्यावर तोरण लागले, गवंड्या-सुतारांना कपडे दिले, आप्तेष्ट जेवून गेले, म्हणजे मालकाच्या डोक्यावरचा भार उतरला असे आपण मानतो. कायद्याची समजूत मात्र निराळी आहे. स्थानिक प्राधिकरण जोपर्यंत भोगवटा प्रमाणपत्र देत नाही, तोपर्यंत कायद्याच्या लेखी ते घर राहण्याजोगे झालेलेच नसते. महाराष्ट्रातील शहरांत आज असंख्य कुटुंबे राहतात ती या दोन समजुतींमधल्या पोकळीत. घर त्यांचे आहे, कर्जाचे हप्ते त्यांनी फेडले आहेत, करही ते भरतात. फक्त ते घर नियमानुसार पूर्ण झाल्याचा पुरावा त्यांच्यापाशी नाही.

सदनिकांच्या बाबतीत या प्रश्नाची थोडीफार चर्चा होते. परंतु ज्यांनी स्वतःच्या जुन्या घराला एखादी खोली जोडली अथवा वर मजला चढवला, त्यांच्याबद्दल क्वचितच कोणी बोलते. पुणे, नाशिक, कोल्हापूर, सांगली यांसारख्या शहरांत साठ-सत्तरच्या दशकांत शिक्षकांच्या, टपाल आणि विमा कर्मचाऱ्यांच्या, सरकारी नोकरांच्या सहकारी वसाहती उभ्या राहिल्या. त्यांतील घरे बैठी, बेताची, पुढे-मागे थोडी मोकळी जागा राखलेली. मुले मोठी झाली, लग्ने ठरली आणि घर अपुरे पडू लागले. मग भविष्यनिर्वाह निधीतली किंवा उपदानाची रक्कम काढून वर दोन खोल्या बांधायचे ठरते. ओळखीचा एखादा कंत्राटदार मिळतो. चौरस फुटाचा दर ठरतो, बऱ्याचदा तोंडीच. ‘महापालिकेचे सगळे मी बघतो, तुम्ही काळजी करू नका,’ असे तो सांगतो. कचेरीत खेटे घालण्याची धास्ती मध्यमवर्गीय माणसाला इतकी असते, की हे वाक्य ऐकूनच त्याला हायसे वाटते.

काम संपते, शेवटचा हप्ता दिला जातो आणि कंत्राटदार दुसऱ्या कामाला लागतो. कागद राहून गेले हे लक्षात येते ते बहुधा काही वर्षांनी, आणि तेही अडचणीच्या वेळी. घर तारण ठेवायचे असते तेव्हा बँक भोगवटा प्रमाणपत्र मागते. विकायचे असते तेव्हा खरेदीदाराचा वकील मागतो. वडिलांच्या पश्चात भावंडांमध्ये वाटणी करावयाची असते, तेव्हा वरचा मजला महापालिकेच्या दप्तरी अस्तित्वातच नाही असा शोध लागतो. कधी शेजाऱ्याशी कुंपणावरून वाद होतो, तक्रार जाते आणि अनधिकृत बांधकामाची नोटीस दारावर चिकटते. कंत्राटदाराला गाठावे तर तो म्हणतो, ‘तेव्हाच सांगायला हवे होते.’

हे कागद म्हणजे नेमके काय, हे समजून घेतल्याशिवाय त्यांचे मोल कळत नाही. त्यांना सरसकट ‘सरकारी सोपस्कार’ म्हणण्याची आपल्याला सवय आहे. वस्तुतः यांतील प्रत्येक कागद म्हणजे कोणीतरी जाणत्या माणसाने एक विशिष्ट गोष्ट पाहून, तपासून, तिच्याखाली आपल्या नावाची सही केल्याची खूण असते. मंजूर नकाशा आणि बांधकामाची परवानगी सांगते की, येथे इतके बांधण्यास मुभा आहे. जोते तपासणीचा दाखला सांगतो की, पाया मंजूर जागेवरच आला, तो सीमेबाहेर सरकलेला नाही. संरचना अभियंत्याचे स्थैर्य प्रमाणपत्र सांगते की, खांब, तुळया आणि स्लॅब अपेक्षित भार पेलतील. जुन्या घरावर मजला चढवताना तर जुना पाया नव्या ओझ्याला पुरेल की नाही, हा कळीचा प्रश्न याच कागदात सोडवलेला असतो. परवानाधारक वीज कंत्राटदाराचा चाचणी अहवाल सांगतो की, तारांचे रोधन आणि अर्थिंग तपासलेले आहे. पाणी व मैलावाहिनीच्या जोडणीचा दाखला निराळा. हे सर्व जमले, वास्तुविशारदाने वा परवानाधारक अभियंत्याने काम नकाशाबरहुकूम पूर्ण झाल्याचे कळवले, म्हणजे महापालिका भोगवटा प्रमाणपत्र देते.

यांतल्या बहुतेक गोष्टी गिलावा झाल्यावर डोळ्यांना दिसत नाहीत, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. स्लॅबमध्ये किती जाडीच्या सळ्या कोणत्या अंतरावर टाकल्या, हे काँक्रीट ओतण्यापूर्वी तासाभरातच पाहावे लागते. काँक्रीटची ताकद तपासण्यासाठी ओततानाच दीडशे मिलिमीटर बाजूचे ठोकळे भरून ठेवावे लागतात. ते पाण्यात मुरवून सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी प्रयोगशाळेत दाबून फोडतात. ज्या दिवशी ठोकळे भरले नाहीत, त्या दिवसाचा पुरावा कायमचा गेला. पुढे हातोडी-चाचणीने किंवा ध्वनिलहरींच्या चाचणीने काही अंदाज बांधता येतो, पण तो अंदाजच. म्हणून दाखला हा बांधकामानंतर चिकटवावयाचा कागद नसून, बांधकाम चालू असताना घडत जाणारी गोष्ट आहे. विटा आणि सिमेंट यांच्याइतकाच तो घराचा भाग आहे.

कागदाने इमारत उभी राहत नाही, असे यावर कोणी म्हणेल. ते खरेच आहे. पण कागद नसतो तेथे बहुधा कोणी पाहिलेलेही नसते, हे त्याहून खरे आहे. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ शीळफाटा येथे अनधिकृत इमारत कोसळून ७४ माणसे मृत्युमुखी पडली. २५ जुलै २०१७ रोजी मुंबईत घाटकोपरमध्ये एक चार मजली इमारत कोसळून १७ जण दगावले. तेथे तळमजल्यावर फेरफाराचे काम चालू होते आणि त्या कामात खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. पहिल्या घटनेत परवानगीविना संपूर्ण इमारत उभी राहिली होती, तर दुसरीत वापरात असलेल्या इमारतीत फेरफार चालला होता. दुसरी घटना आपल्याला अधिक जवळची वाटली पाहिजे. भिंत पाडून खोली मोठी करणे, गच्चीवर बांधकाम चढवणे ही कामे आपण ‘किरकोळ’ समजतो. परंतु जुन्या वास्तूला किरकोळ काय आणि जीवघेणे काय, हे ठरवणे गवंड्याचे काम नव्हे, मालकाचेही नव्हे.

आता प्रश्न जबाबदारीचा. सदनिकेच्या बाबतीत कायदा पुरेसा स्पष्ट आहे. महाराष्ट्र सदनिका मालकी अधिनियम १९६३ चा. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्याखेरीज विकासकाने ताबा देऊ नये आणि ग्राहकानेही तो घेऊ नये, असे तो म्हणतो. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने, ज्याला आपण ‘रेरा’ म्हणतो, हीच जबाबदारी पुन्हा विकासकावर टाकली. पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला मिळवणे आणि तो ग्राहकांना उपलब्ध करून देणे हे त्याचे कर्तव्य ठरवले. संरचनेत वा कारागिरीत दोष आढळल्यास ताब्यापासून पाच वर्षांपर्यंत तो विनामूल्य दुरुस्त करून देण्याचे बंधनही घातले.

स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला मात्र हे छत्र मिळत नाही. विक्री व जाहिरात ज्यात नाही अशा दुरुस्ती-नूतनीकरणाच्या कामाला ‘रेरा’च्या नोंदणीतून सूट आहे. सदनिका अधिनियम तर अशा कामाला लागूच होत नाही. बांधकाम परवानगीचा अर्ज मालकाच्या नावाने जातो. त्यावर मालकाची सही असते, वास्तुविशारदाची वा अभियंत्याची असते. प्रत्यक्ष बांधणाऱ्या कंत्राटदाराची सही तेथे बहुधा नसतेच. परिणाम असा की, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली नोटीस निघते ती मालकाच्या नावाने. ज्याने ‘सगळे मी बघतो’ म्हटले, तो या चित्रातून अलगद बाहेर पडलेला असतो. कायद्याच्या दृष्टीने घर बांधणारे तुम्ही. तो केवळ तुमचा मजूर-पुरवठादार.

तरीही मालक अगदीच निराधार नाही. त्याला आधार आहे तो ग्राहक कायद्याचा. १९९३ साली ग्राहक संरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन ‘गृहबांधणी’ ही सेवेच्या व्याख्येत आली, आणि २०१९ च्या नव्या कायद्यातही ती कायम आहे. त्याच वर्षी, म्हणजे १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये, लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घर बांधून देणे ही सेवा आहे आणि तीतील कसूर ग्राहक न्यायासनापुढे नेता येते, हे स्पष्ट केले. मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणांना शुल्कही पडत नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत मात्र पाळावी लागते.

या मुदतीच्या बाबतीत मुंबईतील समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेचा खटला प्रत्येक घरमालकाने माहीत करून घ्यावा असा आहे. या संस्थेच्या सभासदांनी १९९३ मध्ये सदनिका नोंदवल्या, १९९७ मध्ये त्यांना ताबा मिळाला; भोगवटा प्रमाणपत्र मात्र मिळाले नाही. त्यामुळे मालमत्ताकर २५ टक्के जादा आणि पाणीपट्टी ५० टक्के जादा भरावी लागली. १९९८ मध्ये संस्था राज्य आयोगाकडे गेली. निकाल लागला २०१४ मध्ये : विकासकाने चार महिन्यांत प्रमाणपत्र मिळवावे. ते त्याने मिळवले नाही. तेव्हा जादा भरलेले पैसे परत मागण्यासाठी संस्था राष्ट्रीय आयोगापुढे गेली, तर २०१८ मध्ये मुदतबाह्य म्हणून तक्रार फेटाळली गेली. अखेर ११ जानेवारी २०२२ रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती ए. एस. बोपन्ना यांच्या पीठाने निर्णय दिला की, भोगवटा प्रमाणपत्र न मिळवणे ही सातत्याने चालू असलेली कसूर आहे. जोवर ते मिळत नाही तोवर दर दिवशी तक्रारीचे कारण नव्याने घडत असते. तक्रार गुणावगुणांवर ऐकण्यासाठी राष्ट्रीय आयोगाकडे परत पाठवण्यात आली.

हा निर्णय मोलाचा खरा. परंतु त्यातील सनावळी पुन्हा एकदा वाचावी. पहिल्या तक्रारीपासून या निर्णयापर्यंत २३ वर्षे गेली, आणि तो निर्णयही तक्रार ऐकली जावी एवढ्यापुरता होता. शिवाय तो सदनिकांच्या खटल्यातला आहे. विकासकावर दाखला मिळवण्याचे बंधन कायद्यानेच असल्यामुळे तेथे ‘सातत्याची कसूर’ हे तत्त्व लागू पडले. आपल्या बंगल्याचा मजला बांधणाऱ्या कंत्राटदारावर ते बंधन केवळ कराराने येते. करारात ते लिहिलेलेच नसेल, तर आयोगापुढे ते सिद्ध करणे दुष्कर होते. म्हणूनच ज्यांचे काम व्हावयाचे आहे त्यांनी करार लेखी करावा आणि कोणकोणते दाखले, कोणी, केव्हा द्यावयाचे याची यादी त्यात घालावी.

ज्यांचे काम होऊन गेले आणि कागद हाती नाहीत, त्यांनी काय करावे? प्रथम, काय नाही हे नीट ठरवावे. पुष्कळदा दाखला निघालेला असतो, पण कोणी घेऊन आलेले नसते. महापालिकेच्या बांधकाम विभागात आपल्या प्रकरणाची फाइल असते. माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये भरून अर्ज केला तर तीस दिवसांत तिच्यातील कागदांची माहिती मिळाली पाहिजे. दुसरे, प्रत्येक कागद कोणाकडून यावयाचा ते पाहावे. सर्वांसाठी कंत्राटदाराच्या मागे लागण्यात अर्थ नसतो. स्थैर्य प्रमाणपत्र अभियंता देतो, विजेचा अहवाल वीज कंत्राटदार देतो, पूर्णत्वाचे निवेदन वास्तुविशारद करतो. त्यांच्याशी थेट बोलले तर निम्मे काम बहुधा सुटते. वास्तुविशारद १९७२ च्या अधिनियमाखाली नोंदलेला असेल तर व्यवसायातील गैरवर्तनाबद्दल त्याच्या परिषदेकडे तक्रार करता येते, याची आठवण त्याला सौम्य शब्दांत करून देण्यास हरकत नाही.

तिसरे, कंत्राटदाराला फोन करीत बसण्याऐवजी पत्र लिहावे. कामाची तारीख, दिलेल्या रकमा, राहिलेले कागद आणि ते देण्याची निश्चित मुदत एवढेच त्यात असावे. राग त्यात असू नये. ते पोचपावतीसह टपालाने पाठवावे आणि प्रत जपून ठेवावी. कामाच्या पावत्या, बँकेच्या नोंदी, काम चालू असतानाची छायाचित्रे हा सर्व पुरावाच आहे. चौथे, मंजुरीच घेतलेली नव्हती असे उघड झाले, तर नोटिशीची वाट न पाहता स्वतंत्र संरचना अभियंत्याकडून वास्तूची तपासणी करून घ्यावी आणि बांधकाम नियमात बसणारे असेल तर ते नियमित करण्याचा अर्ज करावा. त्यासाठी शुल्क व दंड पडेल. तो खर्च पुढे कंत्राटदाराकडून मागता येतो. बांधकाम समासाच्या जागेत वा चटईक्षेत्राबाहेर गेलेले असेल, तर मात्र कोणताही दाखला ते वाचवू शकत नाही, हे कटू असले तरी वेळीच समजलेले बरे.

या साऱ्यांत एक गंमत आहे, आणि ती बोचरी आहे. ज्या वर्गावर ही वेळ येते, तो वर्ग उभा जन्म कागदावर जगलेला असतो. सार्वजनिक बांधकाम खात्यातला कारकून मोजमाप पुस्तिकेत नोंद झाल्याखेरीज ठेकेदाराचे बिल पुढे सरकू देत नाही. प्रत्येक बिलातून अनामत कापून घेतो आणि दोष-दायित्वाची मुदत संपल्यावरच ती सोडतो. शाळा सोडल्याचा दाखला आणल्याशिवाय शिक्षक दुसऱ्या शाळेतला विद्यार्थी पटावर घेत नाही. तीच माणसे स्वतःच्या घराच्या बाबतीत आयुष्याची पुंजी एका तोंडी शब्दावर मोकळी करतात. कचेरीत जो नियम आपण दुसऱ्याला लावतो, तो घरी लावला तर कंत्राटदाराला अपमान वाटेल, असा संकोच आपल्याला वाटतो. वास्तविक शेवटचा हप्ता हेच सामान्य मालकाच्या हातातले एकमेव खरे शस्त्र आहे. एकूण रकमेचा दहावा हिस्सा दाखले हाती पडेपर्यंत राखून ठेवावा, आणि तसे सुरुवातीलाच करारात लिहावे. चांगला कंत्राटदार यावर रुसत नाही.

परंतु सगळा भार नागरिकाच्या सावधपणावर टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही. आजवर शासनाने दोन मार्ग चोखाळले : दंड आणि माफी. महानगरपालिका अधिनियमात अनधिकृत बांधकामावर मालमत्ताकराच्या दुप्पट शास्ती बसवण्याची तरतूद झाली. पिंपरी-चिंचवडमध्ये हा ‘शास्तीकर’ वर्षानुवर्षे निवडणुकांचा विषय होऊन राहिला आणि २०२३ मध्ये तो माफ झाला. २००१ मध्ये गुंठेवारीतील बांधकामे नियमित करण्याचा कायदा झाला. त्याची मुदतरेषा १ जानेवारी २००१ होती, ती पुढे ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणण्यात आली. २०१७ मध्ये नगररचना अधिनियमात नवे कलम घालून २०१५ अखेरपर्यंतची अनधिकृत बांधकामे शुल्क घेऊन नियमित करण्याची सोय झाली. दंड भरतो तो राहणारा. नियमित करण्याचे शुल्क भरतो तोही राहणारा. ज्याने बांधले, पैसे घेतले आणि कागद दिले नाहीत, त्याचे नाव या दोन्ही व्यवहारांत कोठेही येत नाही. आणि ज्याने पहिल्या दिवसापासून परवानगी घेऊन, समास सोडून, एक खोली कमी बांधली, तो प्रत्येक माफीच्या घोषणेबरोबर शेजाऱ्यांपुढे मूर्ख ठरतो.

हे बदलण्यासाठी नवा कायदाच हवा असे नाही. बांधकाम परवानगीच्या अर्जावर मालक आणि वास्तुविशारद यांच्याबरोबर कंत्राटदाराचीही सही आणि पत्ता सक्तीने घ्यावा. जोत्याच्या टप्प्यावर आणि स्लॅबच्या टप्प्यावर त्याच्याच सहीने कामाची सूचना यावी. काम पूर्ण होऊनही दाखल्याचा अर्ज आला नाही, तर पहिली विचारणा मालकाला आणि कंत्राटदाराला एकाच वेळी जावी. आणि ज्याच्या कामांचे दाखले वारंवार अपुरे राहतात त्याचे नाव महापालिकेने जाहीर करावे. महापालिकांनी आपल्या बाजूनेही एक पथ्य पाळले पाहिजे. नियमानुसार झालेल्या कामाचा दाखला विनाविलंब आणि विनावशिला मिळतो असा अनुभव लोकांना येऊ लागला, तर ‘सगळे मी बघतो’ म्हणणाऱ्याची गरज आपोआप कमी होईल. आज त्याचा धंदा चालतो तो निम्मा त्याच्या कौशल्यावर आणि निम्मा कचेरीच्या धाकावर.

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्या काळात रूढ झाली, त्या काळी घर बांधणारा गवंडी गावातच राहत असे. भिंत खचली तर त्याला चावडीवर तोंड दाखवावे लागे. आजचा कंत्राटदार काम संपताच दुसऱ्या उपनगरात जातो. चावडीचे ते काम आता सहीने करावयाचे आहे. ती सही मागणे हा मालकाचा आगाऊपणा नव्हे, आणि देणे हा बांधणाऱ्याचा उपकारही नव्हे. घराची जी किंमत मोजली, तिच्यात ती आधीच धरलेली आहे.